भाकरीच्या पुड्यावरचे अक्षर

बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत हमरस्त्याला लागून कडक भाकरीचा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची लांब पत्र्याची शेड, आठ तवे, चौदा बायका आणि भाकरी वाळवायच्या जाळ्या. मालकीणबाई पंचावन्नच्या आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या धंद्याची वेबसाइट मी तयार केली आणि पहिले आठ महिने ती न विचारता घेतलेल्या अक्षरांवर चालली. ही चूक माझी होती.

मी एका मराठी दैनिकाच्या लातूर आवृत्तीत एकवीस वर्षे डेस्कवर होतो. नोकरी सोडून बिदरला परत आलो. जनवाड्याला थोडी शेती आहे, ती भाऊ बघतो. मी दुकानांच्या, दाळमिलच्या, शिकवण्यांच्या वेबसाइट करून देतो. या भागात एकच मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावा लागतो आणि दोन्ही भाषांत तो सारखाच नेटका दिसावा लागतो. ते काम मला जमते.

वर्तमानपत्रात फॉन्ट विकत घेतलेला मी कधी पाहिला नाही. कुणीतरी कधीतरी घेतलाच असेल, पण आमच्यापर्यंत फॉन्ट येत तो विरजणासारखा. नवीन मशीन आले की ऑपरेटर जुन्यावरचे सगळे फॉन्ट पेनड्राइव्हवर घेऊन त्यात टाकी. दुसऱ्या गावचा ऑपरेटर भेटायला आला तर जाताना तोही घेऊन जाई. देणाऱ्याचे काही कमी होत नसे, त्यामुळे विचारायचे ते काय, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

बिदरच्या ज्या छापखान्यात अक्कांचे पुडे छापले जातात तिथे तर फॉन्टला त्यांची मूळ नावेही राहिली नव्हती. ऑपरेटरांनी कामावरून नावे ठेवली होती. मशीन उघडले की यादीत ‘लग्न एक’, ‘लग्न दोन’, ‘बारसे’, ‘निधन’ अशी नावे दिसत. लग्नाची पत्रिका ‘लग्न एक’मध्ये, मोठा मांडव असेल तर ‘लग्न दोन’मध्ये. अक्कांचा पुडा सहा वर्षांपूर्वी ‘लग्न दोन’मध्ये जुळवला गेला.

त्या पुड्यामागे एक भांडण होते. आधी अक्का साध्या पारदर्शक पिशवीत भाकरी विकत. रस्त्यावरचा एक ढाबेवाला त्यांच्याकडून भाकरी नेई, आपल्या पिशवीत भरी आणि आपल्या नावाने विकी. त्याच्याकडे त्या दमट जागी ठेवल्याने मऊ पडत आणि तक्रारी मात्र अक्कांच्या गावाच्या नावावर येत. अक्का स्वतः ढाब्यावर गेल्या. तुम्ही खा, पाहुण्यांना खाऊ घाला, पण तुमच्या पिशवीत भरून विकू नका, असे त्यांनी सांगितले. मग पिवळा पुडा आला. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, लाल अक्षरात ‘कडक भाकरी’ आणि खाली त्यांचे नाव.

त्यातले ‘भाकरी’मधले भ हे अक्षर पुड्याची ओळख झाले. त्याचे पोट मोठे, पसरट आणि चांगले जाड आहे. अक्का चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकल्या. घरची भाषा मराठी असली तरी देवनागरी त्या बोट ठेवून वाचतात. शेडमधल्या बायकांपैकी काहींना कन्नड येते, एकीला उर्दू, दोघींना कुठलेच अक्षर येत नाही. पण पुडा सुलटा कुठला, आपला कुठला, हे सगळ्याजणी त्या भ वरून ओळखतात. दुकानातले गिऱ्हाईकही पोटाचे अक्षर असलेला पुडा द्या म्हणते, असे अक्कांनी मला सांगितले होते.

म्हणून वेबसाइट करताना मी छापखान्यातून ‘लग्न दोन’ची फाइल घेतली. छपाईचा फॉन्ट वेबसाइटवर चालवायला त्याचे रूप बदलावे लागते. ते फुकट करून देणारी पाने इंटरनेटवर आहेत. एक मिनिटही लागले नाही. कन्नड अक्षर सरकारने सगळ्यांना मोफत दिलेले होते, तेव्हा त्या बाजूची मला कधी काळजी नव्हती. मराठी बाजूची करायला हवी होती, ती मी केली नाही.

आठ महिन्यांनी हैदराबादच्या एका दुकानदाराने अक्कांशी बोलणे केले. त्यांची तीन दुकाने आहेत आणि येळवशीच्या आधी त्यांना माल हवा होता. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी लोक शेतात जेवायला जातात आणि शहरात राहणारे आमच्या भागातले लोक निदान घरात तरी तसे जेवण मांडतात. अक्कांनी आजवर एवढ्या लांब माल दिला नव्हता. ही ऑर्डर मिळाली तर शेड वर्षभर चालणार होती. एरवी पावसाळ्यात निम्म्या बायकांना घरी बसावे लागे.

दुकानदाराने एक फॉर्म पाठवला. त्यात एक कलम होते. पुड्यावरचे आणि वेबसाइटवरचे फोटो, मजकूर आणि अक्षरे तुमची आहेत किंवा ती वापरण्याची तुम्हाला परवानगी आहे असे लिहून द्या, परवानगीचा क्रमांक समोर टाका. मी शेडमध्ये बसून फॉर्म भरत होतो. फोटो मी काढले होते. मजकूर मी लिहिला होता. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबले.

अक्का समोर भाकरीच्या चवडी रचत होत्या.

“थांबलाव कामून?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. अक्षरे कुणीतरी काढलेली असतात, प्रत्येक अक्षर, प्रत्येक जोडाक्षर वेगळे, काही शे आकार होतात. ती वापरायला परवाना घ्यावा लागतो. छापायला एक, वेबसाइटवर दाखवायला दुसरा. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

“काढलं कुनी?”

“माहीत नाही.”

“मंग इचारलं न्हाई.”

“नाही.”

अक्कांनी हातातली चवड खाली ठेवली, तिच्या कडा तळव्याने सारख्या केल्या आणि मग म्हणाल्या, “त्या ढाबेवाल्यात अन् आपल्यात काय फरक ऱ्हायला मंग?”

परवान्यांची कलमे मी नंतर पुष्कळ वाचली, पण घरी खाणे आणि पिशवीत भरून विकणे यांतला फरक त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

सोपा मार्ग होता. मोफत आणि सर्वांना खुले असलेले मराठी फॉन्ट आज पुष्कळ आहेत. मी त्यातला एक चांगला निवडून पुड्याचा नमुना केला आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नेला. बायकांनी तो हातोहात फिरवला. कुणाचा आहे, असे त्यांनी विचारले. अक्कांनी नमुना माझ्याकडे परत दिला. पुडा बदलला की गिऱ्हाईक दुसऱ्याचा समजून ठेवून देते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना तेच अक्षर हवे होते, आता रीतसर हवे होते, आणि येळवशीच्या आधी. येळवशीला महिना उरला होता.

मी छापखान्यात गेलो. मालक माझे जुने ओळखीचे. मी येण्याचे कारण सांगितले तेव्हा ते चहा ओतता ओतता थांबले.

“अक्षराचं लायसन,” ते म्हणाले. “साहेब, एकवीस वर्षं पेपर काढलात. तवा कुनाला इचारलं व्हतं?”

कुणाला नाही, असे मी सांगितले. ते बरेच खूश झाले आणि त्यांनी मशीन उघडून दिले. ‘लग्न दोन’ आणणारा ऑपरेटर कधीच नोकरी सोडून गेला होता. त्याच्याकडे ते कुठून आले हे मालकांना ठाऊक नव्हते. पण फाइलचे बाहेरचे नाव बदलले तरी आतली माहिती सहसा तशीच राहते. ती उघडली तेव्हा फॉन्टचे खरे नाव दिसले, ते काढणाऱ्या बाईंचे नाव दिसले, वापराच्या अटींची एक ओळ आणि एक ईमेल पत्ता. अटींची ओळ सरळ होती. छपाईचा परवाना वेगळा, वेबसाइटचा वेगळा. फाइलचे रूप बदलू नये. अक्षरांत फेरफार करू नये. दोन परवाने नव्हते आणि रूप मी स्वतः बदलले होते. तीन गोष्टी चुकल्या, अशी माझी मोजणी झाली. ती एकाने कमी होती हे नंतर कळले.

बाईंना काय लिहावे याचा मी थोडा विचार केला. डेस्कवर असताना शुद्धिपत्रे मी लिहीत असे. त्याची रीत ठरलेली होती: काय चुकले, कधी चुकले, बरोबर काय, दिलगीर आहोत. कसे चुकले हे लिहायचे नाही. कारण सांगू लागले की चूक लहान करून दाखवायचा मोह होतो. मी त्याच रीतीने सहा वाक्ये लिहिली, खाली विचारले की दोन्ही परवाने कसे घेता येतील, आणि पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई पुण्याजवळ राहतात. त्या रागावलेल्या वाटल्या नाहीत, खूशही वाटल्या नाहीत. त्यांनी आधी पुड्याचा फोटो मागितला. फोटो पाहीपर्यंत फोन चालूच होता.

“भ माझाच आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी त्याला इतकं जेवायला घातलं नव्हतं.”

चौथी चूक ही. मूळ फॉन्ट छापखान्यातला ‘लग्न एक’ होता. कुण्या ऑपरेटरने तो आडवा ताणून दुसरी फाइल केली आणि तिला ‘लग्न दोन’ म्हटले, म्हणजे मांडव मोठा असला की अक्षरेही मांडवभर पसरतील. बाईंनी मला समजावून सांगितले की अक्षर आडवे ताणले तर उभ्या रेषा जाड होतात, आडव्या तेवढ्याच राहतात, आणि अक्षराचा तोल जातो. आमचे पोटाचे अक्षर त्या ताणाताणीतून जन्मले होते. मूळ अक्षराचा परवाना त्या देणार होत्या. ताणलेल्या फाइलला त्या आपली म्हणायला तयार नव्हत्या, म्हणून तिचा परवाना देता येणार नव्हता. वेबसाइटवरून ती आजच काढा, असे त्यांनी सांगितले. मी फोन ठेवल्यावर पहिले काम तेच केले.

वेबसाइटच्या परवान्यासाठी त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती: महिन्याला पाने किती वेळा उघडली जातात. त्यावर परवान्याची पायरी ठरते. माझ्याकडे आकडा होता, पण हैदराबादनंतर तो वाढेल की काय म्हणून मी अक्कांना अंदाज विचारला.

“नुसतं बघून गेलं तरी मोजायचं?” अक्का म्हणाल्या.

मी हो म्हटले.

“बाजारात असं मोजलं असतं तर माजं दुकान पयल्याच आठवड्यात उठलं असतं.”

शेवटी संक्रांत आणि येळवस धरून सर्वांत खालची पायरी पुरेल असे ठरले. मागचे आठ महिने पहिल्या वर्षात धरा, असे बाईंनीच सुचवले. त्याप्रमाणे कागद आले. एक छपाईचा, एक वेबसाइटचा, दोन्ही अक्कांच्या धंद्याच्या नावावर. परवाना वापरणाऱ्याच्या नावावर हवा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नाही, यावर बाईंचा कटाक्ष होता. मी उद्या दुसरे काम धरले तरी अक्कांचे अक्षर अक्कांकडेच राहावे म्हणून. हे मला ठाऊक नव्हते. तोपर्यंत मी सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेनेसुद्धा माझ्याच नावावर घेत होतो. ती त्यानंतर बदलली.

मी परवान्याबरोबर आलेला मूळ फॉन्ट वेबसाइटवर लावला. मजकूर वाचायला कितीतरी सोपा झाला. फोनच्या लहान पडद्यावर तर फारच. मग मी शेडमध्ये गेलो आणि अक्कांच्या फोनवर पान उघडून दिले. बायका तव्यांवरून उठून आल्या. सगळ्यांत वयस्कर बाई, जिला कुठलेच अक्षर येत नाही, ती फोन जवळ धरून वरचा ‘भाकरी’ हा शब्द पाहत राहिली.

“ही आपल्या भाकरीची धाकटी भन हाय,” ती म्हणाली. “आपली न्हवं.”

बाकीच्या हसल्या, पण कुणी तिला खोडून काढले नाही. तिचे बरोबर होते. अक्षराचे घराणे तेच होते, पोट गेले होते. येळवशीला सतरा दिवस होते आणि हैदराबादचा फॉर्म माझ्या पिशवीत तसाच होता.

अक्का म्हणाल्या, बाईंना फोन लावून द्या, मी बोलते. मी लावून दिला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आधी दोघींनी एकमेकींना नमस्कार केला, पाऊसपाणी विचारले. भाकरी कशी वाळवता, असे बाईंनी विचारले. अक्कांनी सविस्तर सांगितले. मग त्या मुद्द्यावर आल्या. तुमच्या परवानगीशिवाय सहा वर्षे पुड्यावर आणि आठ महिने फोनमध्ये तुमचे अक्षर आम्ही चालवले, ते चुकले, असे त्यांनी आधी सांगितले. बाई म्हणाल्या, ते मिटले आहे.

“तुमी काढलं ते नाजूक हाय,” अक्का म्हणाल्या. “आमच्याकडं आलं अन् पसरलं. भाकरी थापली की पसरनारच की. आमच्या मानसाला आता पसरलेलंच ठाऊक हाय. तेवढ्या एका नावापुरतं तसं ठिवता येतंय का, ते सांगा. बाकी सगळं तुमच्या मनासारखं.”

बाईंनी तो ताणलेला भ डोळ्यांना टोचतो, हे लपवले नाही. मग त्यांनी स्वतःच एक वाट काढली. ‘कडक भाकरी’ एवढे दोन शब्द त्या स्वतः नव्याने काढून देतील, रुंदच, पण तोल सांभाळून. उभ्या रेषा बेताच्या आणि पोट मोठे. ते चित्र म्हणून पुड्यावर आणि वेबसाइटच्या माथ्यावर लावायचे. त्याचा हक्क अक्कांचा. खालचा सगळा मजकूर परवान्याच्या फॉन्टमध्ये. अट एकच: छापखान्यातली ‘लग्न दोन’ची फाइल पुसून टाकायची.

“प्वाट कमी करू नका,” अक्का म्हणाल्या.

“नाही करत,” बाई म्हणाल्या.

मोबदला त्यांनी सांगितला. अक्कांनी तो एका शब्दाने मान्य केला. बाजारात त्या अशा वागत नाहीत, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होते, म्हणून कुणी एकमेकींकडे पाहिले, कुणी तव्याकडे. वर त्यांनी दोन पुडे भाकरी आणि शेंगाचटणी पोस्टाने पाठवली. बाईंचा मला निरोप आला: घरी खाण्यासाठी आहेत, वेगळा परवाना लागेल का ते अक्कांना विचारा. मी विचारले. अक्का म्हणाल्या, शेजाऱ्याला द्यायची असंल तर मात्र इचारून द्या.

छापखान्याच्या मालकांनी माझ्यासमोर ‘लग्न दोन’ पुसली. ‘लग्न एक’चे काय करायचे म्हणून थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले. लगीनसराई तोंडावर होती. मग त्यांनी एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर बाईंचा नंबर लिहून घेतला. महिन्याभराने मी गेलो तेव्हा यादीत तो फॉन्ट त्याच्या खऱ्या नावाने होता. ‘बारसे’ आणि ‘निधन’ अजून तशीच होती. सावकाश करू, असे मालक म्हणाले, आणि ते करतील असे मला वाटते.

बाईंनी काढलेले शब्द नवव्या दिवशी आले. मी ते वेबसाइटच्या माथ्यावर लावले आणि छापखान्याकडे पाठवले. हैदराबादच्या फॉर्मचा तिसरा रकाना भरला, क्रमांक टाकले, अक्कांनी सही केली. त्या कन्नडमध्ये सही करतात, सावकाश आणि स्वच्छ. परवान्याच्या दोन्ही कागदांना प्लास्टिक करून त्यांनी शेडच्या भिंतीवर अन्न परवान्याच्या शेजारी लावले. तपासायला येणारा अधिकारी हे कशाचे म्हणून विचारेल, असे मी म्हटले. विचारू दे, सांगेन, असे त्या म्हणाल्या.

नवे पुडे आले त्या दिवशी मी तिथे होतो. गठ्ठा सोडल्यावर पहिला पुडा अक्कांनी स्वतः न बघता त्या वयस्कर बाईच्या हातात दिला. तिने आधी पिठाचे हात लुगड्याला पुसले. पुडा फिरवून मराठी बाजू वर घेतली. भ च्या पोटावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“व्हय, हीच,” ती म्हणाली, आणि दहा भाकरी मोजून आत भरल्या.

बाकीच्या आपापल्या जागी बसल्या. हैदराबादचा टेम्पो दुपारी येणार होता.